चुन्यावरची काजळी

टिटवीने मनाशी पक्कं केलं होतं, आज सांगायचंच. पण तोंडाने नाही, तोंडाला ते जमत नव्हतं. सिनेमाच सांगेल.

लहानपणी तिच्या ओरडण्याने सगळी गल्ली दणाणायची, म्हणून आईने हे नाव ठेवलेलं. आणि आता बघा देवाची करणी! कॉलेजातल्या त्या मुलाशी बोलताना ‘माझी आई कपड्यांना इस्त्री करते’ एवढं एक वाक्य तिच्या घशात अडकून बसलं होतं. मुलगा बंगल्यातला. त्याच्या घरचं कपड्यांचं गाठोडं ड्रायव्हर तिच्याच दारात आणून टाकतो, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. चेहऱ्याची ओळख व्हायच्या आधीपासून तिला त्याच्या कॉलरींची ओळख होती. आज त्याच्या अंगात होता तो निळा सदरासुद्धा तिच्याच हातच्या इस्त्रीचा.

सिनेमा श्रीमंत मुलाचा आणि गरीब मुलीचा. त्यातलं गरीब मुलीचं घर म्हणजे टिटवीचं घर.

सिनेमावाल्यांनी खोली पसंत केली तेव्हा आईला आभाळ ठेंगणं झालं. सगळं जग आपलं घर बघणार! मायलेकींनी मिळून भिंतींना चुना दिला, फरशी घासली, छताचं जळमट काढलं. खोली अशी उजळली की देवाला पाट मांडावा. शूटिंगच्या दिवशी सकाळी त्यांच्यातला एक दाढीवाला आला आणि त्याने कपाळाला हात लावला.

“मावशी, हे काय करून बसलात? आम्हाला गरिबाचं घर हवं होतं!”

“मग हे कुणाचं आहे बाबा?” आईने विचारलं.

सगळे खो खो हसले. मग त्यांनी चिकट सरसात काजळी कालवून भिंतींना फासली. जाताना म्हणाले, धुतली की निघेल. कुठली निघते! घासलं की चुना सुटायचा, आत मुरलेलं काळं तसंच राहायचं. धुतलेल्या कपड्यांना डाग लागू नये म्हणून आई आजही इस्त्रीच्या टेबलामागे जुनी चादर बांधते, आणि हाताला उसंत मिळाली की भिंत घासते.

पण आईला सिनेमात एक वाक्य मिळालं होतं. नायक दारात येतो, तेव्हा शेजारणीने ओरडायचं: “चपला बाहेर!” इस्त्री फिरवताना तिने ते इतकं घोकलं होतं, की कपडे द्यायला येणारी माणसं आपसूक चपला काढू लागली.

थिएटरच्या अंधारात त्या मुलाने टिटवीचा हात धरला. पडद्यावर ती खोली आली. तोच कोपरा, तीच खिडकी.

“काय सेट लावलाय!” तो कुजबुजला. “वास येतोय असं वाटतं.”

“खरंही असेल कुणाचं घर,” ती हळूच म्हणाली.

“छे गं. गरीब असले म्हणून काय झालं, निदान चुना तरी मारतील की नाही? एवढ्या घाणीत कोण राहतं?”

आता. आत्ताच बोलायचं होतं. तेवढ्यात पडद्यावर आई दारात आली. केस विस्कटलेले, गालाला मुद्दाम फासलेलं काळं. तिने ओरडायच्या आधीच लोक हसले, आणि ओरडल्यावर तर थिएटर डोक्यावर घेतलं.

“असली तोंडं कुठून शोधून आणतात कोण जाणे!” तोही हसत होता. वाईट नव्हता हो मुलगा. पुढे नायक त्या मुलीसाठी बंगला सोडून निघाला, तेव्हा याने निळ्या बाहीने डोळे पुसले. पण तो हसला तेव्हा टिटवीही हसली होती. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढंच.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “चल, आज तुझं घर बघायचं. नेहमी टाळतेस. खरं सांगतो, मला कशानेच फरक पडत नाही.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. खरंच म्हणत होता. आणि ती त्याला मोठ्या रस्त्यावरच्या एका लिफ्टच्या इमारतीपाशी घेऊन गेली. वरच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. “आज पाहुणे आहेत. पुन्हा कधीतरी.” तो गेल्यावर वॉचमनने हटकलं, “कुणाकडे?” ती मागे फिरली.

घरी आईने चादर सोडली होती आणि ओल्या फडक्याने भिंत घासत होती. चाहूल लागताच वळली. चेहऱ्यावर असा आनंद, की टिटवीला दारातच थबकायला झालं.

“आलीस? सांग ना गं, कशी दिसले मी?”

“तू नाहीस त्यात.”

“म्हणजे?”

“कापलं ते. लांबलं असेल.”

आई म्हणाली, “पलीकडची दुपारी बघून आली. ती तर म्हणत होती, दारात उभी आहेस म्हणून. सगळे हसले म्हणाली.”

“तिला भास झाला असेल.”

“असेल,” आई म्हणाली. लेकीच्या तोंडाकडे तिने एकदाच पाहिलं. परमेश्वर आईला किती दिसायला देतो आणि किती गिळायला लावतो! तिने फडकं बादलीत पिळलं. पाणी शाईसारखं झालं.

“बंगल्यावरचं गाठोडं आलंय,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “त्यांचे सदरे तेवढे तू कर. माझे हात काळे आहेत.”