दोन खणांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि मी ज्या जगाची आहे ते जग कुठेच नाही. हसू नका. तुम्हाला झोपेत दिसणाऱ्या घरांना तरी पत्ता कुठे असतो?

मला एका घड्याळजींनी आपल्या लेकीसाठी घडवले. लेक विद्यापीठात शिकवायची आणि जी जगे असू शकली असती, पण नाहीत, त्यांचे गणित मांडायची. "करायचं काय ते सांग," बाबा म्हणाले.

"दोन खण. दोन्हींत एकेक चकती, एका बाजूने काळी, दुसरीने पांढरी. लावायच्या वरच्या झाकणातून, बघायच्या खणांतून. पण एक खण उघडला, की दुसऱ्यातली चकती गरगर फिरली पाहिजे."

"म्हणजे एकच प्रश्न विचारायचा?"

"एकच. दुसऱ्याचं उत्तर कायमचं गेलं."

"कसलं आडमुठं जग गं हे!" बाबा म्हणाले. पण गजराच्या जुन्या घड्याळातली स्प्रिंग काढून त्यांनी ते साधून दिले.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. लेक वर्गात मला उंच धरायची. "डावी चकती पांढरी लावली, उजवी डोळे मिटून. आता या पेटीबद्दल आपलं अज्ञान किती? या अज्ञानाच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. डावा खण उघडून मोजलं, तर शून्य, कारण पांढरीच दिसणार. पेटी कशी भरली यावरून मोजलं, तर एका नाणेफेकीएवढं, कारण उजवी काळी की पांढरी ते ठाऊक नाही. आपल्या जगात, अगदी अणूंच्या जगातही, ही दोन मापं जुळतात. हिच्यात जुळत नाहीत."

"मग नसलेल्या जगाचा उपयोग काय?" कुणीतरी विचारायचेच.

"नसलेलं पाहिलं, की असलेलं असं का आहे ते कळायला लागतं."

पुढे वर्गात पडद्यावरची चित्रे आली. मी घरी कपाटावर गेले. धुळीत पडून मी माझ्या जगाची स्वप्ने पाहायची. तिथे सगळे एकच प्रश्न विचारतात आणि दुसरा विसरून जातात.

मग दूरच्या एका संस्थेने लेकीला बोलावले. काम तिच्या मनासारखे होते. पण आई गेल्यापासून घरात दोघेच. ती विचारी, "बाबा, जाऊ का?" बाबा डोळ्याला भिंग लावून म्हणत, "तुझं तू बघ." जेवताना तेच, चहा घेताना तेच. एका दुपारी ती वैतागली. मला खाली काढून, फुंकर मारून तिने बाबांपुढे ठेवले.

"तोंडाने नाही ना सांगत? मग हिच्यात सांगा. डावीकडे, मी जाऊ का. उजवीकडे, तुम्हाला एकट्याला करमेल का. पांढरं म्हणजे हो."

बाबा गालात हसले. "बघणार तर एकच."

डावी चकती त्यांनी झटकन पांढरी लावली. उजवीवर त्यांचे बोट कितीतरी वेळ रेंगाळले, आणि मग ती काळी झाली. इतके खरे ते कुणापाशी बोलले नव्हते. लेक डावाच खण उघडेल आणि काळी चकती फिरून जाईल, या भरवशावरच त्यांनी ते केले. वरचे झाकण कुलूपबंद करून किल्ली त्यांनी खिशात टाकली.

लेकीचा हात खरेच डाव्या कडीवर आला. माझी स्प्रिंग ताणली गेली. मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा माझ्या जगाची भीती वाटली.

हात थांबला.

"बाबा, माझा हात बघा, आपसूक डावीकडे गेला," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्हाला ते ठाऊक होतं."

बाबा भिंग पुसत राहिले. तिने मला बाजूला सारले.

"तुम्ही काही पेटी नाही. तुम्हाला दोन्ही विचारते. जाऊ का? आणि करमेल का?"

बाबांनी भिंग खाली ठेवले. "जा. आणि नाही करमणार. दोन्ही खरं आहे."

मग दोघेही रडले, आणि मला फार बरे वाटले.

ती गेली. जाताना मला घेऊन गेली. आता मी तिच्या टेबलावर असते. रोज संध्याकाळी ती फोनवर विचारते, "आज करमलं का?" बाबा कधी हो म्हणतात, कधी नाही. माझे खण तिने त्या दुपारनंतर उघडलेले नाहीत. पांढरी आणि काळी, दोन्ही चकत्या अजून माझ्या पोटात तशाच आहेत.

मित्रांनो, माझी धूळ पुसा न पुसा, माझे काही म्हणणे नाही. पण तुमच्या माणसांना माझ्यासारखे एकाच प्रश्नावर सोडू नका. दुसराही विचारा, उत्तर काळे निघाले तरी.