मंगळवारचं झाड

साळूबाई बोलली तर घरातलं मांजरसुद्धा कान हलवत नसे. तिच्या तोंडून देवी बोलली की मात्र अख्खा पदमपुरा हात जोडून बसे. तोंड तेच आणि जीभही तीच, पण फरक असा जमीन-अस्मानाचा.

ज्या बाईच्या अंगात देवी येते, तिला झाड म्हणतात. देवी बोलायला लागली की "मी" म्हणजे देवी, आणि साळूबाई म्हणजे "हे झाड". झाडानं स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं. साळूबाईची सगळी हयात या व्यवस्थेत चालली होती, आणि व्यवस्था सुरू झाली ती भुकेपायी.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनची धामधूम निवली, तिचा नवरा बद्रीनाथ जिल्हा कचेरीत चपराशी म्हणून चिकटला आणि लासूरकडचं बिऱ्हाड औरंगाबादेत, पदमपुऱ्यात आलं. सोबत सासू, द्वारकाबाई. ही बाई सुनेला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवायची, आणि शेवटी टोपल्यात काय उरतं ते शेवटी बसणाऱ्यालाच ठाऊक. एका नवरात्रात संबळ ऐकता ऐकता पोटुशी साळूबाई घुमायला लागली. केस सुटले, डोळे फिरले आणि घोगरा आवाज निघाला, "माझं झाड उपाशी हाय! माझ्या झाडाला उपाशी ठिवता व्हय?" द्वारकाबाईची पाचावर धारण बसली. तिनं त्याच पावली दूध-भाकरी आणून पुढं ठेवली. त्या दिवसापासून साळूबाई पहिल्या पंगतीला बसायला लागली.

पुढं देवीनं सांगितलं, झाडाला हात लावू नका, आणि बद्रीनाथचा उठलेला हात खाली आला. देवीनं सांगितलं, झाड लांबून पाणी वाहून थकलंय, आणि दारात नळ आला. एवढ्यावर थांबलं असतं तर सोनं झालं असतं. पण दर मंगळवारी संध्याकाळी दोन खोल्यांत माणसं मावेनाशी झाली आणि द्वारकाबाई त्या दरबाराची कारभारीण झाली. झाडाचे नियम देवीनं नव्हे, तिनं घातले. झाडानं परक्याच्या हातचं खायचं नाही, चारचौघांत मिसळायचं नाही, शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. साळूबाईची आई गेली तेव्हा "झाडाला सुतक चालत नाय" म्हणून तिला माहेरी धाडलं नाही. ती दिवसभर चुलीपुढं बसून रडली. साधं डोकं दुखतंय म्हटलं तरी सासू विचारायची, "हे तू म्हणतीस का देवी?" आणि उत्तर ऐकून मग काढा उकळायचा की नाही ते ठरवायची.

अशी वर्षं गेली, आणि मुलीला स्थळ आलं. कालिंदी एकुलती एक, नुकतीच मॅट्रिक पास झालेली, कॉलेजात जायचं म्हणून हटून बसलेली. स्थळ लासूर स्टेशनच्या एका आडत्याच्या मुलाचं. मुलगा बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, पदरात एक लेकरू. द्वारकाबाईला घर पसंत होतं, बद्रीनाथला आईची पसंती पसंत होती.

"पोरीला शिकू द्या," साळूबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय?" सासू म्हणाली. "मंगळवारी देवीलाच विचारू की."

साळूबाईचा जीव भांड्यात पडला. देवी काय म्हणणार हे तिला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? तिनं चुलीपाशी कालिंदीला हळूच सांगितलं, "घोर नको करू. देवी नाय म्हणंल."

कालिंदी भाकरी शेकत होती. तिचं तोंड उतरलं.

"आई, आम्हाला शाळेत शिकिवलंय. गोष्ट सांगणारा दोन तऱ्हेचा असतो. एकाला सगळ्यांच्या मनातलं ठावं असतं. दुसरा एकाच माणसाच्या डोळ्यानं बघतो. कोण कसा, ते वळखायचं तर त्याला काय ठावं नाय ते बघायचं."

"मग?"

"मग मी देवीकडं बघितलं. कचेरीत बाबांना साहेब रागवला ते देवीला ठावं नव्हतं. आजीच्या पेटीत काय हाय ते ठावं नाय. माझ्या वर्गातलं तर कायबी ठावं नाय. पण आपल्या डब्यातली डाळ सरली की देवीला लगेच कळतंय."

साळूबाईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. इतक्या वर्षांत जे कुणाच्या ध्यानात आलं नाही ते या पोरीनं ओळखलं होतं. तिला भीती वाटली, आणि कुणीतरी आपल्याला पाहिलं म्हणून बरंही वाटलं.

"पहिल्यांदा आली व्हती गं," ती म्हणाली. "आईच्यान आली व्हती. मागनं काय झालं, मलाबी सांगता येत नाय."

"मग आता तूच बोल. देवी होऊन नको. देवीच्या तोंडानं मागितलंस तर तुला जन्मभर हितंच बसावं लागंल, आणि त्या पापाचं शिक्षण मला नको."

साळूबाईनं पोरीला शब्द दिला.

मंगळवारी खोली खच्चून भरली. संबळ वाजू लागला, आराधी बायकांनी देवीचं गाणं धरलं, ऊद पेटला. साळूबाई पाटावर बसली होती, केस घट्ट बांधलेले. संबळ चढत गेला, गाणं चढत गेलं, पण ती हलेना. शेवटी ती उठून उभी राहिली आणि आपल्या साध्या, जरा कापऱ्या आवाजात म्हणाली, "मी साळू बोलतीया. ह्या पोरीची आई. मला हे लग्न मान्य नाय. तिला शिकायचंय, शिकू द्या."

संबळवाल्याचा हात थांबला. सगळ्यांनी द्वारकाबाईकडं पाहिलं.

"साळू बोलतीया व्हय?" द्वारकाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मग खाली बस. साळूला कोण इचारलंय? आज देवी येत नाय म्हंजी तिची ना नाय. बद्री, लासूरला होकार कळव."

बद्रीनाथनं मान डोलावली. संपलंच सगळं. साळूबाईचा हात अंबाड्याकडं गेला. शब्द गेला खड्ड्यात, पोर तरी वाचेल.

पण तिच्या आधी किंकाळी आली ती मागून. कालिंदी वेणी सोडून घुमत होती.

"मी हे जुनं झाड सोडलं!" ती घोगऱ्या आवाजात ओरडली. "त्याला मोकळं करा! मी नवं झाड धरलंय!"

आवाज साळूबाईचा, झोका साळूबाईचा, कुठं श्वास घ्यायचा तेही साळूबाईचं. लहानपणापासून दर मंगळवारी पाहिलेलं पोरीनं सहीसही उचललं होतं. केसांच्या आडून तिनं आईकडं एक डोळा बारीक केला. आपण किती हुशारीनं दोघींना सोडवलं, याचं कौतुक त्या डोळ्यात मावत नव्हतं.

द्वारकाबाईनं नातीच्या पायावर लोळण घेतली. "माय गं! नवं झाड! आता कुठलं लगीन? लासूरला नकार धाड रे, बद्री!"

"ह्या झाडाला शिकायचंय," कालिंदी घुमत म्हणाली. "कॉलेजात धाडा."

"तुझं झाड परक्या पोरांत बसवू व्हय, माय? आमाला पाप लागंल. तू अंगात असताना तिला पुस्तकाची काय गरज? घरातच शिकीव."

कालिंदीचा झोका चुकला. यावर काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि तिला माहीत नव्हतं म्हणून देवीलाही माहीत नव्हतं. ती थांबली, दोन्ही हातांनी केस मागं सारले.

"आजी, मी कालिंदी हाय. मी सोंग केलं."

"व्हय माय, व्हय," द्वारकाबाई प्रेमानं हसली आणि तिच्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरू लागली. "लेकरांची परीक्षा बघतीस. आमी वळखलं तुला."

"अवो सोडा तिला!" साळूबाई गर्दीत घुसली. "ती देवी नाय, माझी पोरगी हाय! मला इचारा, मला ठावं हाय सोंग कसं असतं ते!"

कुणी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. गेल्या मंगळवारी तिच्या पायाचं तीर्थ घेणाऱ्या बायकांनी तिला कोपरानं मागं ढकललं. "देवीनं सोडलंय, त्याचं दुखणं हाय," एक जण म्हणाली. बद्रीनाथनं दंडाला धरून तिला दाराशी नेऊन उभं केलं.

संबळ पुन्हा सुरू झाला. द्वारकाबाईनं नातीला खांदे धरून पाटावर बसवलं. पहिली बाई पदर पसरून पुढं सरकली, तिनं पाय धरले, "माय, माझ्या लेकाचा ताप कधी उतरंल?" कालिंदीनं मान उंचावून दाराकडं पाहिलं. साळूबाई जिवाच्या आकांतानं ओरडत होती, पण संबळापुढं तिचा आवाज पोचत नव्हता. बाई पाय सोडायला तयार नव्हती, ती रडत होती, आणि सगळी खोली वाट पाहत होती. कालिंदीनं डोळे मिटले, आणि घोगऱ्या आवाजात तिला उत्तर द्यायला सुरुवात केली.