मंछाफोईची फटाणी

मंछाफोईच्या, म्हणजे मंछाआत्याच्या, घशाचं ऑपरेशन झालं आणि गुजरातेतलं सगळं पेटलाद गाव तिच्याशी गोड वागायला लागलं. फोईला वैताग होता तो याचाच.

उभा जन्म तिने लग्नांत फटाणी गाण्यात घालवला होता. फटाणी म्हणजे विहिणींना सुरात, टाळी धरून दिलेल्या शिव्या. त्यांनीही तशाच परत द्यायच्या, आणि जी आधी गप्प होईल ती हरली. फोई कधी गप्प झाली नव्हती. भाजीवालासुद्धा तिच्याशी चार शब्द भांडल्याशिवाय वांगी तोलत नसे. आता डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मानेला भोक, त्यावर मलमलचा रुमाल, आणि तोंडातून नुसती हवा. भाजीवाला मुकाट्याने जास्तीची कोथिंबीर घाली. नणंदा "बसा हं, तुम्ही बसा" म्हणत. जिवंतपणी श्राद्धाचं पान वाढून ठेवावं तसं तिला वाटे. आपल्याशी आता कुणी भांडणार नाही, हे दुःख सांगणार तरी कुणाला, आणि कशाने?

भाचीचं, जिगीषाचं, लग्न ठरलं तेव्हा ती पोर हट्टाला पेटली. "फोई, तुझी फटाणी नसतील तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही. तुझ्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी कशाला जपून ठेवल्यास मग?"

गल्लीतला केयूर लग्नांत डीजे वाजवी. दोन मुलांचा बाप, पोट सुटलेला, पण कानाचा पक्का. त्याने कॅसेटी लॅपटॉपवर चढवल्या, फोईच्या एकेका ओळीला खूण केली, आणि मशीनवरच्या रबरी चौकोनी बटणांवर एकेक ओळ बसवली.

"हे दाबून धरलंस तोवर तू गाणार. बोट उचललंस की गप्प."

फोईने भुवया उडवल्या. बोट उचलल्यावर गप्प होणारी फोई पेटलादने कुठे पाहिली होती?

जुनं गाणं जरा संथ होतं म्हणून केयूरने वेगाची पट्टी सरकवली, तर फोईचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा बारीक झाला. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "थांब गं! सुराला हे कुलूप लावतो," केयूर म्हणाला. बटण दाबताच वेग तसाच राहिला, आणि आवाज पुन्हा तिचा, जाडसर, भांडखोर, भरलेला. फोई ऐकत राहिली. मग रुमालाचं टोक डोळ्यांना लावून तिने पुढच्या बटणाकडे बोट दाखवलं.

"आणि आवाज आला नाही तर घाबरायचं नाही," केयूरने बजावलं. "आधी दिवे बघायचे. दिवे नाचतायत म्हणजे गाणं वाजतंय, बाहेर जायची वाट अडलीय. मग तुझ्या, म्हणजे उजव्या, बाजूची उभी पट्टी बघ, मग मधली आडवी. ती ज्या बाजूला असेल तीच बाजू बाहेर ऐकू येते. एवढं करूनही नाही आलं, तर मला हाक मार." मग त्याने जीभ चावली. "म्हणजे, माणूस पाठव."

लग्नाच्या दिवशी डाकोरहून वरात आली. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. मशीनच्या डाव्या बाजूला सनई लावून, फोईला खांबाआड मांडलेल्या मशीनमागच्या खुर्चीत बसवून केयूर पानावर गेला. मोहनथाळ संपायच्या आत पोचायचं होतं त्याला.

एवढ्यात वराची आजी दिवाळीबा मांडवात उभी राहिली. चिपाडासारखी म्हातारी, पण आवाज खणखणीत. मागे डाकोरच्या बायकांची फौज. टाळी पडली:

"मांडव मोठा, झुंबर मोठं, आवाज कुठे गेला?
नवरीकडच्या बायकांना का लाडू चिकटून बसला?"

डाकोरवाल्या खिदळल्या. पेटलादच्या बायकांनी मात्र माना खाली घातल्या. दिवाळीबाला बिचारीला काय ठाऊक, आवाज खरंच कुठे गेला ते.

फोईने सनई थांबवली. हेडफोन कानावर चढवला, उजवीकडचं बटण दाबलं. कानात तिचा स्वतःचा आवाज दणाणला:

"विहीणबाई नटून आल्या, केस रंगवले काळे,
घाम आला नि गालांवरून वाहू लागले नाले!"

ती खुशीत मांडवाकडे बघायला लागली. कुणी हसेना. दिवाळीबा कमरेवर हात ठेवून वाट बघत होती. जिगीषा चौरंगावरून मान उंचावून बघत होती. फोईने पुन्हा दाबलं. कानात तोच दणदणाट, आणि समोर सगळे ढिम्म. तिने हेडफोन खाली ओढला. मांडवात चिडीचूप शांतता होती. ती एकटीच स्वतःला ऐकत होती.

"झालं वाटतं!" दिवाळीबा म्हणाली. "पेटलाद हरलं!"

हाक मारायची सोय नव्हती. माणूस पाठवायचा, तर जवळची बाई "राहू दे हो फोई, त्रास नको" म्हणून तिचा खांदा थोपटत होती. तिचा हात झटकून फोई मशीनवर वाकली. बटण दाबलं, दिवे बघितले. नाचत होते. उभी पट्टी वर होती. मग मधली आडवी. ती पार डावीकडे, सनईच्या बाजूला पडलेली! मेल्या केयूरा, असं मनात म्हणत तिने ती उजवीकडे ढकलली आणि बटणावर बोट रोवलं.

"विहीणबाई नटून आल्या..." मांडवाचे खांब हादरले. पेटलादच्या बायकांनी किंचाळून टाळ्या धरल्या. डाकोरवाल्याही हसून लोटपोट झाल्या.

"कोण गं ती?" दिवाळीबा ओरडली. "माझे तर सगळे पांढरे आहेत! खांबामागून काय गातेस, समोर ये की!" आणि ती स्वतःच तरातरा मशीनपाशी आली.

तिने फोई पाहिली. न हलणारे ओठ पाहिले. मानेवरचा रुमाल पाहिला. कुणीतरी तिच्या कानाशी लागलं, आणि म्हातारीचा चेहरा उतरला.

"अरेरे," ती हळूच म्हणाली. "माफ कर हो बेन. मला ठाऊक नव्हतं." तिने हात जोडले. टाळ्या थांबल्या. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले.

फोई चडफडली. इथेही तेच! एवढा खटाटोप काय हेच बघायला केला? तिने दिवाळीबाच्या जोडलेल्या हातांकडे रागाने पाहिलं, आणि खालच्या ओळीतलं एक बटण दाबलं:

"वराची आजी देवाची भक्त, हातात जपमाळ,
तोंडात राम, मनात मात्र शिजली का गं डाळ!"

हसावं की नाही, कुणालाच कळेना. दिवाळीबाचे हात तसेच जोडलेले राहिले. मग ते हळूहळू सुटले.

"अस्सं!" तिने पदर कमरेला खोचला.

"बा, पुरे की," सून कुजबुजली. "आजारी आहे बिचारी."

"गप्प बस. आजारी असेल गळ्याने. जीभ बघ हिची!" आणि फोईच्या नाकासमोर टाळी वाजवून म्हातारीने सूर लावला:

"पेटीमधून गाते विहीण, बोटांमध्ये तोरा,
वीज गेली की गाणं सरलं, हात राहील कोरा!"

पेटलादच्या बायकांनी तोंडावर हात घेतला. असं कुणी बोलतं का? पण फोईचे खांदे गदगदायला लागले. मानेवरचा रुमाल फडफडत होता, गळ्यातून शिट्टीसारखी हवा जात होती. ती हसत होती, ऑपरेशनानंतर पहिल्यांदा.

केयूर हातात वाटी घेऊन धावत आला. "फोई, आवाज येतोय ना?" तिने त्याला कोपराने बाजूला सारलं. बोट बटणांवरून फिरत होतं. हे? नको. ते? त्याहून जहाल एक होतं, कुठे बसवलं मेल्याने?

दिवाळीबाने जवळची खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर ठाण मांडलं.

"शोध, शोध," ती म्हणाली. "मी काय पळून जात नाही."