लोटलेलं दार

"फवारून आलेल्या मानसाले एकटं निजू देऊ नोको वं बाई. घडीघडीनं हाक मारून पाहत जा," शोभाताई म्हणाल्या होत्या.

त्याला तीन वर्षं झाली. मयुरा बाळंतपणासाठी काटोलजवळच्या माहेरी गेलेली. गावच्या आशा सेविका शोभाताई दोन महिन्यांच्या गौरांगला वजनाच्या झोळीत घालत होत्या, पण लक्ष होतं दोरीवर टाकलेल्या बाबांच्या शर्टाकडे, त्याच्या उग्र वासाकडे. मयुरा हसली होती. "ताई, मी अ‍ॅग्रीची बीएस्सी आहो. मलेच शिकवता का?"

शोभाताईंनी वजनाचा आकडा वहीत लिहिला आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

आज मयुराची मुलाखत होती. शेतीचं विज्ञान सोप्या भाषेत गावोगाव पोचवणाऱ्या एका संस्थेत पदवीधरांसाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. जागा एकच. पदवीला पाच वर्षं पूर्ण न झालेल्यांनीच यावं, अशी अट. मयुराची पाच वर्षं येत्या महिन्यात भरत होती. म्हणजे हे दार आज उघडलं तर उघडलं. कपाशीवरच्या फवारणीबद्दल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता येईल असा एक मिनिटाचा निरोप तयार करून आणा, असं पत्रात लिहिलं होतं. नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये ती सकाळपासून तेच एक मिनिट घोकत होती.

"शेतकरी बंधूंनो, फवारणी करताना हातमोजे व मुखपट्टी यांचा वापर करावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी टाळावी..."

"थांब." सासूबाई, प्रेमलताबाई, जमिनीवर बसून बरबटीच्या शेंगा मोडत होत्या. मुलाखत घेणाऱ्या मॅडमचं कामही सकाळपासून त्यांच्याकडेच होतं. "हे कोनाले सांगून राहिली तू?"

"शेतकऱ्याले."

"तो तं वावरात हाये. पाठीवर पंप. फोन घरी, चार्जिंगले."

"घरी आल्यावर ऐकंल ना, आई."

"घरी आल्यावर तो निजते."

मयुराने कागद उलटा करून मांडीवर ठेवला. तिचे बाबा फवारणीच्या विषबाधेने गेले, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं. त्या आपल्या पुढच्या प्रश्नावर गेल्या. "बरं मॅडम, लेकरू कोन सांभाळते तुमचं?"

"सासूबाई सांभाळतात."

"अशी रडकी नोको सांगू. म्हन, घरी मॅनेजर ठेवली हाये."

गौरांगला काय कळलं कोण जाणे, तो आजीच्या मांडीवर लोळून खिदळला.

मेट्रो काँग्रेसनगर स्टेशनात शिरली तशी मयुराने मान दुसरीकडे वळवली. इथून धंतोली जवळ. बाबांचे शेवटचे चार दिवस तिथल्याच एका दवाखान्यात गेले होते.

शोभाताई सांगून गेल्या, त्यानंतर काहीच दिवसांनी एका दुपारी बाबा एकच्या सुमाराला वावरातून आले. डोकं जड झालंय म्हणाले, तांब्याभर पाणी प्यायले आणि आतल्या खोलीत आडवे झाले. तेवढ्यात गौरांगने रडायला सुरुवात केली. बाबांची झोपमोड नको, म्हणून खोलीचं दार मयुरानेच लोटून घेतलं. ते उघडलं थेट दिवेलागणीला. बाबांची उशी लाळेने भिजली होती. "जरा लवकर आणायला हवं होतं," असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांना वाटलं, गावाहून यायला वेळ लागला, त्याबद्दल म्हणाले. दाराची गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

सीताबर्डीच्या त्या ऑफिसात तिचा तिसरा नंबर होता. पहिला उमेदवार आत गेला, बाहेर आला. दुसरी मुलगी गेली. मयुराला राहवेना. तिने धाकट्या भावाला, दुर्गेशला, फोन लावला. उचलला भावजयीने, दिपालीने.

"ताई! झाली काय मुलाखत?"

"नाही अजून. दुर्गेश कुठं आहे, दिपाली?"

"आत्ता आले फवारून. निजले."

"कधी?"

"झाला असंल पाऊन घंटा. पंखा लावून देल्ला, दार लोटून घेतलं. भायेर टीव्ही चालू हाये ना."

मयुरा उभी राहिली. "उठव त्याले."

"काहून? आंगावर येतीन ना माह्या. थकले हायेत, ताई."

"दिपाली, उठव!"

रिसेप्शनवरची मुलगी दचकून बघायला लागली.

"जातो बाई, जातो," दिपाली पुटपुटली. फोनमधून टीव्हीतली भांडणं ऐकू आली, मग चपलांचा आवाज, मग दार करकरल्याचा.

"मयुरा ढोले, तुमचा नंबर आला," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

मयुराने हात वर करून तिला थांबवलं. फोनमध्ये दिपाली म्हणत होती, "अहो. उठा ना." उत्तर नाही. "अहो!"

"मॅडम, आत वाट बघताहेत."

"पुढच्याला पाठवा."

"मग तुम्हाला शेवटी थांबावं लागेल. त्यांना वेळ उरला तरच होईल."

"पाठवा म्हटलं ना!"

मयुराने फोन कानाशी दाबला. मग एक खरबरीत आवाज आला. "कोन मेलं?"

ती खुर्चीत बसली. "डोकं दुखून राहिलं काय रे? घाम? मळमळ? डोळ्यापुढं अंधारी?"

"भूक लागून राहिली. तू काय डॉक्टरीन झाली काय वं?"

"आंग धुतलं?"

"हात धुतले ना."

"आत्ताच्या आत्ता साबणानं आंघोळ कर, कपडे बदल. आन् दोन घंटे दिपालीच्या समोर बस. निजायचं नाही."

"हिच्यासमोर दोन घंटे? त्यापरीस अजून चार पंप मारतो मी." मागून दिपालीची शिवी आणि हसू एकदमच ऐकू आलं. मयुरालाही हसू आलं, आणि ते आवरेचना. शेवटी पदराने डोळे पुसावे लागले.

पावणेपाचला तिला आत बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या वंदना मॅडम फायली एकावर एक रचत होत्या. शेजारचे सर पेनाला टोपण लावून बसले होते.

"दहाच मिनिटं आहेत," मॅडम म्हणाल्या. "पदवीनंतर काय केलंत?"

"लग्न झालं. मुलाला वाढवलं. आता तो तीन वर्षांचा आहे. घरी मॅनेजर ठेवलीय."

सरांनी भुवई उंचावली. मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला. "निरोप आणलाय?"

"कागदावर आहे. पण तो मी चुकीच्या माणसाला सांगितलाय. इथेच दुसरा सांगितला तर चालेल?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मॅडमनी मात्र स्वतःचा फोन टेबलावर ठेवून एका मिनिटाचा टायमर लावला.

मयुराने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"बाई, हा निरोप फवारनाऱ्यासाठी नाही. तो वावरातून आला, फोन तुमच्याजवळ हाये, म्हनून तुम्हाले सांगून राहिली. आज तुमच्या घरचं कोनी फवारून आलं असंल, तं आधी साबनानं आंग धुवाले लावा. निजलं असंल, तं थकलं म्हनून राहू देऊ नोका. घाम सुटला, लाळ गळून राहिली, मळमळ, डोळ्याले धुरकट दिसते, असं काही बी असलं, तं औषधाची बाटली संगं घ्या आन् लगेच दवाखाना गाठा. लेकरू रडत असंल तं रडू द्या. दार लोटलं असंल..."

ती थांबली. टायमरचे आकडे पळत होते. सरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं होतं, पण ते लिहीत नव्हते.

"माह्या बाबाचं दार मीच लोटलं होतं. मी शिकलेली होती, बाई."

अकरा सेकंद उरले होते.

"आता हा फोन खाली ठेवा. उठा. दार उघडा, आन् त्याले एकदा हाक मारून पाहा."