शनिवारची बादली

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावातलं आमचं तीनमजली घर वडिलांनी गिरणीत राबून घेतलं. ते गेल्यावर तळघरातल्या, घर तापवणाऱ्या वाफेच्या बॉयलरची साफसफाई माझ्या धाकट्या भावाकडे, ओरासियोकडे आली. काम दहा मिनिटांचं. दर शनिवारी आग चालू असताना खालचा नळ उघडायचा, बादलीभर गढूळ पाणी सोडायचं आणि आग आपोआप विझते का ते बघायचं.

"झालं का रे?" मी विचारायची.

"झालं गं नतेर्सिया, किती वेळा विचारशील?"

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी केलच्या पाल्याचं सूप ढवळत होते, तर तापल्या लोखंडाचा वास आला. रेडिएटरला हात लावला, गार. धावत तळघरात गेले. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी कोरडी ठक्क, आणि खाली आग भडकलेली. मी बटण बंद केलं.

ओरासियो मागोमाग आला आणि त्याने थेट पाणी भरायच्या नळाला हात घातला. मी हातावर फटका मारला.

"लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी? फुटेल ते. वर नव्वदीची कोरेया मावशी बसलीये."

"पाणी घटलं की आतला तरंगता गोळा आग बंद करतो ना? तो गाळात अडकला असेल, मला काय माहीत?"

"काल नळ उघडला होतास?"

तो फटका बसलेला हात चोळू लागला.

"त्याच्या आदल्या शनिवारी?"

"थंडी सुरू झाल्यापासून नाही उघडला."

म्हणजे दर आठवड्याला तोंडावर खोटं बोलत होता.

बॉयलर निवायला चार तास लागले. तोवर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशीला आमच्या स्वयंपाकघरात आणून दोन रजयांत गुंडाळलं. तिची बोटं निळी पडली होती. मग मी हळूहळू पाणी भरलं आणि खालचा नळ उघडला. पहिली बादली चिखलाची, त्यात गंजाचे पापुद्रे. सात बादल्या मी त्यालाच जिना चढून ओतायला लावल्या. सातव्या बादलीनंतर गोळा सुटला.

"बघ, काही झालं तर नाही ना," तो घाम पुसत म्हणाला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. "खालच्या नळाची किल्ली दे."

"अगं, तुझे गुडघे..."

"किल्ली."

आता शनिवारी मीच उतरते. ओरासियो रविवारी जेवायला येतो. मी वाढते, बोलत नाही. मावशी म्हणते, सख्ख्या भावावर इतका राग बरा नाही. तिला गुंडाळलेल्या त्या दोन रजया मी अजून कपाटात ठेवलेल्या नाहीत, स्वयंपाकघरात हाताशीच आहेत.