कळपाबाहेरचा आकडा

रक्त चुगलखोर असते, हे ताईचे आवडते वाक्य होते. अंगात शिसे भिनत असताना माणूस हसतो, जेवतो, शेजाऱ्याशी भांडतो. रक्तातला एक पदार्थ मात्र निमूटपणे वाढत राहतो आणि निळ्या प्रकाशाखाली धरला की तांबडा चमकतो. आजार दार ठोठावण्याआधी त्याची पावले ऐकू यावीत, तसे हे. काचपट्टीवर एक थेंब, यंत्राच्या खाचेत ती पट्टी, आणि पडद्यावर आकडा. आकडा रेषेच्या वर गेला तर कामगाराला भट्टीपासून हलवायचे. खाली राहिला तर खुशाल राबवायचे. रेषा कुठे ओढायची एवढाच प्रश्न, आणि ती ओढण्याचा मान संस्थेने ताईला दिला होता.

रेषेसाठी निरोगी रक्त लागते. त्यासाठी वणवण करण्याची संस्थेची रीत नव्हती. बॅटऱ्यांच्या कारखान्यातल्या कामगारांशी तुलना करायला संस्थेतल्याच मंडळींनी बाह्या सरसावायच्या. शिकलेली, हात धुऊन जेवणारी, धुरापासून दूर राहणारी माणसे. यांच्याहून निर्मळ कोण असणार? रक्त दिले की तळमजल्यावरच्या पितळी बंबातला चहा. तो बंब संस्थेइतकाच जुना होता. गळला की भोकावर धातू वितळवून त्याला डाग द्यायचा, पण मोडीत काढायचा नाही, अशी संचालकांची आज्ञा होती. दिवसभर तो खदखदत असे आणि दिवसभर विद्वत्ता त्याच्याभोवती पेले घेऊन उभी असे.

ताईचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात होता. निकाल ऐकायला तो प्रयोगशाळेत आला आणि उंच स्टुलावर पाय हलवत बसला.

"बोल ताई. जगतो का मरतो?"

"रेषेच्या आत आहेस. जेमतेम, पण आत."

"जेमतेम पास व्हायची सवयच आहे आपल्याला. डोकं आईनं सगळं तुला दिलं. मला केस दिले होते, तेही गेले."

"पोट अजून दुखतं?"

"दुखतं. हातातून पानाही निसटतो अधूनमधून. मुकादम म्हणतो, रात्री काय करतोस?" तो हसला. "पण तुझी चिठ्ठी दाखवली की नव्या भट्टीवर मुख्य कारागीर. सोमवारपासून."

ताईने चिठ्ठीवर सही केली. पोटदुखीवर तिचा विश्वास नव्हता असे नाही. आकड्यावर अधिक होता. शिक्षणाचा हा एक लाभ असतो.

त्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेकडून मोहोरबंद कुप्या आल्या. यंत्र खरे बोलते की नाही हे पडताळायला असे परके निरोगी रक्त पहिल्यांदाच मागवले होते. ताईने पहिला थेंब तपासला. आकडा इतका खाली आला की तिला यंत्रच बिघडले असे वाटले. तिने काच पुसली, दुसरी कुपी फोडली, मग तिसरी. प्रत्येक आकडा तळाशी. शेवटी तिने स्वतःच्या बोटाला सुई टोचली. तिचा थेंब निखाऱ्यासारखा चमकला.

संचालकांनी पेल्यातला चहा ढवळत ऐकून घेतले.

"अहो, अंगात लोह कमी असलं तरी हा पदार्थ वाढतो. तुम्हीच व्याख्यान दिलं होतं. आपल्याकडच्या बायका अशक्त."

"पुरुषांचे आकडेही तेच आहेत, सर. तुमचासुद्धा."

"मग बाहेरच्यांचंच काहीतरी बिनसलं असेल."

"सगळ्यांचं? आणि बरे तेवढे आपणच?"

सरांनी उत्तरादाखल एक घोट घेतला. ताई त्या पेल्याकडे पाहत राहिली, आणि तिला थर्मास आठवला.

थर्मास म्हणजे संस्थेचा हिशेबनीस. चहाने त्याला पित्त होई, म्हणून घरून गरम पाणी आणून तो एकटाच टेबलाशी पीत बसे. त्यावरून हे नाव. तुलनेसाठी त्यानेही रक्त दिले होते. त्याचा आकडा बाकीच्यांपासून इतका खाली पडला की ताईने तो रीतीप्रमाणे गाळला होता. कळपाबाहेरचा आकडा सरासरी बिघडवतो, असे शास्त्र सांगते. "थर्मासचं रक्तही कंजूष!" असे ती तेव्हा म्हणाली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. थर्माससुद्धा.

ती जिन्यावरून धावत उतरली. शिपायाला बाजूला सारून तिने बंबाचे झाकण उचलले. वाफ ओसरली तसे आत दिसू लागले: पितळ जवळजवळ उरलेच नव्हते. डागावर डाग, त्यावर पुन्हा डाग, करडे, मऊ, चकचकीत. सगळे शिसे. वर्षानुवर्षे उकळत्या पाण्याने ते चाटले होते, आणि शिशाची बाधा शोधणारी अख्खी संस्था ते पाणी साखर घालून प्याली होती. ताईने बाटलीभर पाणी वर नेले. शिसे मोजणाऱ्या यंत्राने थोडा वेळ घेतला आणि मग जो आकडा दाखवला तो तिने वहीत उतरवून घेतला. विषबाधा झालेल्यांच्या पंगतीत बसून तिने आरोग्याची व्याख्या केली होती, आणि एकुलता एक धडधाकट माणूस त्या पंगतीतून उठवला होता.

ती तशीच संचालकांकडे गेली. या खेपेस ते लवकर समजले. मोठ्या जागेवरची माणसे धोका ओळखतात, फक्त स्वतःचा आधी ओळखतात.

"अहवाल छापायला गेलाय. आता रेषा खाली आणली तर अर्धा कारखाना आजारी ठरेल."

"ठरेल नाही, सर. आहे."

"आणि आपण?"

"आपणही."

"हळू बोला. बंबाचं काय ते पाहू. ऐतिहासिक वस्तू आहे ती."

ताई बाहेर पडली. खरी रेषा तिने छापखान्यालाही कळवली आणि कारखान्यालाही, स्वतःच्या सहीने. मग थेट भावाच्या घरी गेली. तो आरशासमोर नवा गणवेश घालून पाहत होता. चिठ्ठी वरच्या खिशातून डोकावत होती.

"काढ ते. भट्टीवर जायचं नाही."

"का? मुकादमाने पैसे चारले का तुला?"

"रेषा चुकली माझी. आमच्या बंबाच्या चहात शिसं निघालं; निरोगी म्हणून धरलं ते आमचंच रक्त बाधलेलं. तू आजारी आहेस. बराच."

धाकटा वळला. "परवा म्हणालीस बरा आहेस. आज म्हणतेस आजारी. दोन ताया झाल्या या. मी कुठल्या ताईचं ऐकू?"

"कुणाचंच ऐकू नकोस. हात पुढे धर. तळवे खाली. आता पंजे वर उचल."

त्याने नाटकीपणे हात पुढे केले. डावा पंजा वर आला. उजवा मनगटापाशी लोंबत राहिला. त्याने दात आवळले, खांदा उचलला, कोपर उचलले. पंजा ओल्या फडक्यासारखा खालीच. त्याचे हसू चेहऱ्यावर तसेच राहून गेले.

"झोपेत अवघडला असेल," तो म्हणाला. मग तो पंजा डाव्या हाताने उचलून पाहत, "ताई, हा हात कुणाचा आहे?"

तिने पुढे होऊन त्याच्या गणवेशाची बटणे एकेक काढली; त्याला ती काढता येत नव्हती, आणि लावून कुणी दिली होती हे तिने विचारले नाही. चिठ्ठी तिने फाडली. धाकट्याने अडवले नाही. बनियनवर तो पलंगाच्या कडेला बसला आणि तिच्या बोटांकडे टक लावून पाहू लागला. कपटे गोळा करताना ती थरथरत होती.

"तू किती वर्षं पीत होतीस तो चहा?"

"नोकरीला लागल्यापासून."

"बंद केला ना बंब?"

ताईने कपटे मुठीत घट्ट धरले.

"उद्या अहवालाची बैठक आहे," ती म्हणाली. "मी निघाले तेव्हा शिपाई त्यात पाणी भरत होता."