आत कोण बसणार

चटई

ओली. पुढच्या डाव्या सीटखाली हात घातला, तर बोटं चिंब. आदिनाथ सरांची पांढरी गाडी भवानी पेठेतल्या शेडसमोर तिसऱ्यांदा उभी होती आणि पावसाचं पाणी त्याच जागी साचलं होतं.

"मिस्त्री, पोरं वर्गात नाक धरतात हो. म्हणतात, सर ओल्या पोत्यातनं आले."

"बरोबर हाय की पोरांचं," रेवणसिद्ध बोटं हुंगत म्हणाला.

गाडीत पाणी कुठून शिरतं हे शोधायला दोन माणसं लागतात. एक बाहेर, पाईप घेऊन. दुसरा आत, काचा लावून, हातात टॉर्च. सोळा वर्षं रेवणसिद्ध बाहेर आणि धाकटा भाऊ कुमार आत. दिवाळीपासून आतली जागा रिकामी. कुमार बायकोच्या गावाला, माळशिरसला गेला आणि तिथे ट्रॅक्टरच्या शेडमध्ये लागला. तेव्हापासून त्याचा फोन आला नाही. रेवणसिद्ध रोज दुपारी डबा उघडताना फोन करायचं ठरवायचा. डबा संपला की राहून जायचं.

"सर, तुमी पाईप धरा. मी आत बसतो."

"मी?"

"मग? दुसरं कोन हाय हितं?"

उंबरा

सरांनी पाईप उचलला आणि गाडी धुवावी तसं थेट टपावर पाणी सोडलं. रेवणसिद्धने आतून काच खाली केली.

"वरनं न्हाय, सर. वरनं मारलं की सगळंच ओलं, मग चोर सापडत न्हाय. खालनं सुरू करा, दाराच्या उंबऱ्यापासनं. एका जागी पाच मिनिटं. मग हळूहळू वर."

"पहिलीपासून दहावीपर्यंत."

"तसंच. नापास झालं की मी सांगतो."

काच वर गेली. शेजारच्या यंत्रमागांची खटखट एकदम ऐकू येईनाशी झाली. टॉवेलचे ते माग दिवसभर चालायचे. कान इतके सरावले होते की आवाज गेल्यावरच तो होता हे कळलं. आत घाम, फोमचा कुबट वास, आणि पत्र्यावर पाण्याचा आवाज, खूप लांब कुठेतरी पडत असल्यासारखा. बाहेर सरांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते कोण जाणे.

सोळा वर्षांत तो पहिल्यांदाच आत बसला होता. बाहेर उभं राहून पाच मिनिटं चटकन जायची. इथे ती सरेनात.

उंबरा कोरडा.

दार

दाराचं रबर कोरडं. असणारच, ते त्याने स्वतः नवं बसवलं होतं.

पण दारापाशी थांबायला हवं, कारण गेल्या वर्षी सगळं इथेच अडलं.

हे भाऊ मूळचे सीमेवरच्या मैंदर्गीचे, घरात कानडी. कामातली भांडणंही कानडीतच. एकमेकांची अशी उणीदुणी काढायचे की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत. गिऱ्हाईक मात्र समजायचं, पाना मागतोय. घरातलं घरात राहायचं, मनाला काही लागायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात हीच गाडी आली. कुमार आतून बाहेर आला आणि म्हणाला, पाणी पुढच्या काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतंय. ती काच रेवणसिद्धने स्वतःच्या हाताने बसवली होती, महिनाही झाला नव्हता. समोर सर उभे. रेवणसिद्ध सरांकडे वळला आणि मराठीत बोलला.

"झोपला व्हता ह्यो आत. सपनात दिसलं आसंल पानी."

सर हसले. कुमारने टॉर्च बॉनेटवर ठेवला. संध्याकाळपर्यंत काम केलं, पण दोन्हीपैकी एकाही भाषेत शब्द काढला नाही. रेवणसिद्धने दाराचं रबर बदलून गाडी दिली.

काच

खालची कड कोरडी. उजवा कोपरा कोरडा.

डावा कोपरा. एक मिनिट. दोन. तीन. काही नाही. त्याला बरं वाटलं.

चौथं.

टपाला आधार देणाऱ्या खांबावरचं प्लास्टिक त्याने आधीच काढून ठेवलं होतं. त्या खांबाच्या आतल्या अंगाला काहीतरी चमकलं. त्याने मान वाकडी केली, गाल दाराला टेकवला, एक डोळा मिटला, तेव्हा कुठे दिसलं. दोऱ्याएवढी पाण्याची धार, काचेच्या कोपऱ्यातून निघून, वायरीवरून ओघळत थेट चटईखाली. सरळ बसलेल्या माणसाला दिसलीच नसती.

तो तसाच राहिला. गाल दाराला, मान कलती, हलायचं नाही.

सरांनी काचेवर टकटक केलं. त्याने दार उघडलं.

"डोळा लागला होय, मिस्त्री?"

रेवणसिद्ध खाली उतरला. सरांच्या हातातला पाईप घेऊन त्याने नळ बंद केला. मग सरांपासून हातभर अंतरावर उभं राहून फोन लावला.

पाच वेळा वाजला.

"हेळ अण्णा." बोल, म्हणाला कुमार. आवाज साधा, जणू सकाळीच भेटले होते.

"मराठीत बोलतो. सर हायेत हितं, पांढऱ्या गाडीचे. ऐकू दे त्यास्नी." त्याने घसा साफ केला. "पानी काचेतनंच येतंय. डाव्या कोपऱ्यातनं. माझं काम कच्चं व्हतं. तू झोपला नव्हता."

तिकडे ट्रॅक्टर सुरू झाला, बंद झाला.

"सरांना दे."

सर फोन कानाला लावून ऐकत राहिले. हो, हो म्हणाले. एकदा हसले, मग त्यांनी रेवणसिद्धकडे बघितलं. फोन परत दिला तेव्हा तो कट झालेला होता.

"काय म्हनला?"

"म्हणाले, वरून सिलिकॉन फासू देऊ नका, आळशी माणूस आहे. काच अख्खी काढून नव्याने चिकटवायला लावा."

"बरोबर हाय." रेवणसिद्धच्या तोंडावर हसू आलं. "आनि?"

"आणि... मिस्त्रीला म्हणावं, आत बसायला माणूस बघा कोणीतरी."

रेवणसिद्धने मान हलवली. "परवा या, सर," म्हणाला. सर रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले.

जुनी काच तारेने कापून काढतात. चिकटवलेल्या कडेतून तार ओवायची. मग एकाने आतून ओढायची, एकाने बाहेरून, करवतीसारखी. रेवणसिद्धने तार ओवली. दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांधल्या. आत बसून एक ओढ घेतली. उतरला, गाडीला वळसा घालून पुढे आला, बाहेरून एक ओढ घेतली. तार बोटभर सरकली. तो पुन्हा आत जाऊन बसला.